बाळ आईची हाडं खातं का?

सहावा-सातवा महिना लागला आणि गरोदर बाईची कंबर धरायला लागली, की घरातली एखादी जाणती बाई हमखास म्हणते, "बाळ हाडातून ओढून घेतंय गं, दूध वाढव." बाळंतपणानंतर दाढ किडली तरी दोष बाळंतपणालाच जातो. चाळिशीत गुडघे दुखायला लागले, तर "तीन बाळंतपणं झालीयत, हाडं झिजणारच" असं बाई स्वतःच म्हणते आणि विषय संपवते.

या बोलण्यात तथ्य किती? बाळ आईच्या हाडातलं कॅल्शियम खरंच नेतं का? नेत असेल तर किती, आणि ते पुन्हा भरून येतं का? एकाच वाड्यातल्या दोघींपैकी एकीचं तिसरं बाळंतपण सहज पार पडतं आणि दुसरीला पहिल्याच वेळी जिना चढवत नाही, असं का होतं? या प्रकरणात ही उत्तरं शोधायची आहेत. दातांचा प्रश्न लगेच मिटवता येतो. दात हे काही कॅल्शियमचं कोठार नाही. बाळासाठी शरीर दातातून काहीही काढत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, उलट्यांमुळे तोंडात आम्ल येतं, दात किडतात ते त्यामुळे. हाडांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

१. आधी हिशेब मांडू

प्रौढ बाईच्या सगळ्या हाडांत मिळून ढोबळमानाने एक किलो, म्हणजे हजार ग्रॅम कॅल्शियम असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात जन्माच्या वेळी सुमारे ३० ग्रॅम. समजा, हे सगळंच्या सगळं आईच्या हाडातून गेलं, तरी हिशेब शंभरात तीनचा होतो. शंभर पायली धान्याच्या कणगीतून तीन पायली उपसल्या, तर कणगी रिकामी होत नाही.

प्रत्यक्षात तेवढंही जात नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांपासूनच आईचं आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषायला लागतं. हे शोषण जवळजवळ दुपटीवर जातं. बाळाला लागणाऱ्या कॅल्शियमपैकी पाचात चार हिस्से शेवटच्या तीन महिन्यांत लागतात, अखेरच्या आठवड्यांत तर रोज २५० ते ३०० मिलीग्रॅम. शरीर मात्र त्याच्या कितीतरी आधी तयारीला लागलेलं असतं, लग्नघरात महिनाभर आधी धान्य निवडायला घेतात तसं.

अंगावर पाजतानाची व्यवस्था निराळी आहे. तेव्हा आतड्याचा वाढीव वेग ओसरतो आणि दुधासाठी कॅल्शियम खरोखरच हाडातून काढलं जातं. पाजण्याच्या काळात आईच्या मणक्यांची घनता शेकडा ३ ते १० इतकी कमी झालेली दिसते. पण पाजणं थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत ती भरून येते. जास्त मुलं झालेल्या किंवा जास्त दिवस पाजलेल्या बायकांची हाडं म्हातारपणी अधिक मोडतात, असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही.

म्हणजे धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या, उन्हात वावरणाऱ्या बाईच्या बाबतीत "बाळ हाडं खातं" हे खरं नाही. मग हाडं मऊ पडणाऱ्या बायका कोण? त्यांच्या कणगीची अवस्था गरोदर राहण्याच्या आधीच काय होती, तिकडे बघावं लागतं.

२. मऊ हाड आणि ठिसूळ हाड

घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल. आधी लोखंडी सळ्यांची जाळी बांधतात, मग तिच्यावर काँक्रीट ओततात. हाडाचंही तसंच असतं. आधी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची लवचीक जाळी विणली जाते, मग तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खडे बसत जातात. जाळीमुळे हाड चिवट होतं, खड्यांमुळे कडक.

हे घरी करून पाहता येतं. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, व्हिनेगर मधूनमधून बदला. आम्लाने खनिज विरघळून जातं आणि जाळी तेवढी राहते. हाडाचा आकार तोच, पण ते रबरासारखं वाकतं.

म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, तेव्हा जाळी आणि काँक्रीट दोन्ही कमी झालेली असतात. स्लॅबच पातळ झालेला असतो. आपण बोलतोय तो आजार वेगळा. यात जाळी विणली जाते, पण काँक्रीट पुरत नाही. सळ्या उघड्या राहतात आणि वरून वजन पडलं की वाकतात. याला अस्थिमृदुता म्हणतात. हेच वाढत्या वयाच्या मुलाला झालं की त्याचं नाव मुडदूस. लोक हे दोन वेगळे आजार समजतात, पण मूळ एकच आहे.

(गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतर मणका अचानक मोडण्याचाही एक प्रकार आहे. तो फार विरळा आहे आणि ठिसूळपणाच्या गटातला आहे. पाठीत एकाएकी असह्य कळ आली, तर थांबू नये, एवढंच इथे सांगतो.)

३. काँक्रीट का पुरत नाही?

पोटात गेलेलं कॅल्शियम आपोआप रक्तात जात नाही. आतड्याच्या भिंतीला जणू दारं आहेत आणि ती उघडायला ड जीवनसत्त्व लागतं. हे जीवनसत्त्व मुख्यतः आपल्या कातडीत तयार होतं. उन्हातले विशिष्ट अतिनील किरण कातडीवर पडले की तिथला कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ बदलतो, पुढे यकृतात त्याच्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते कामाला लागतं. रक्ततपासणीत मोजतात ते यकृतातून निघालेलं रूप.

आकड्यांत पाहू. अंगात ड पुरेसं असलेल्या साधारण माणसाने १,००० मिलीग्रॅम कॅल्शियम खाल्लं, तर त्यातलं ३०० ते ४०० आत जातं. ड अगदीच कमी असेल तर १०० ते १५०. ताटात तेवढंच, अंगी मात्र निम्मंही लागत नाही. म्हणून नुसतं "दूध वाढव" हा सल्ला अपुरा पडतो.

रक्तातलं कॅल्शियम कमी होणं शरीराला परवडत नाही. स्नायू आणि हृदय त्यावर चालतात. गळ्यात, थायरॉइडच्या मागे, तुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. बाजारातून माल आला नाही, की घरची बाई कणगीकडे वळते. तशा या ग्रंथी एक संप्रेरक सोडून हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. ते करताना त्या लघवीवाटे फॉस्फेट घालवतात. रक्तातलं कॅल्शियम जेमतेम सांभाळलं जातं, पण काँक्रीटचा दुसरा घटक वाया जातो. नवी जाळी विणली जात राहते आणि कच्चीच राहते. हे वर्षानुवर्षं चाललेलं असतं. त्यात गरोदरपण आलं, की रोजच्या २५०-३०० मिलीग्रॅमची नवी मागणी उभी राहते. दुखणं तेव्हा वर येतं. सुरुवात फार पूर्वी झालेली असते.

४. पडद्याआडच्या बायका

डॉक्टरांनाही हे उमगायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात युरोपात असं दिसायचं, की बाई गरोदर राहिली की हाडं वाकतात, बाळंत झाली की थोडी सावरते आणि पुढच्या खेपेला आणखी खचते. त्यावरून निष्कर्ष निघाला, की दोष बाईच्या प्रजननसंस्थेतच आहे. १८८०च्या दशकात हेर्मान फेलिंग या स्त्रीरोगतज्ज्ञाने अशा बायकांचे अंडाशयच काढायला सुरुवात केली. काहींना आराम पडला. पुढचं बाळंतपण टळलं, याचा त्यात वाटा असणार. पण समज मात्र आणखी पक्का झाला.

१९१९ साली बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडला आणि हाडं भरत गेलेली क्ष-किरणांच्या चित्रांत दाखवली. एका हातावर प्रकाश टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडंही बरी व्हायची. याचा अर्थ कातडीत तयार होणारं काहीतरी रक्तातून सगळीकडे पोचत होतं. १९२२मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी मुडदूस घालवणाऱ्या अन्नघटकाला ड हे अक्षर दिलं.

त्याच दशकात आपल्या देशातून एक साक्ष पुढे आली, आणि माझ्या मते या विषयावरची ती सर्वांत बोलकी साक्ष आहे. कॅथलीन वॉन या ब्रिटिश डॉक्टर काश्मीरमध्ये बायकांवर उपचार करत होत्या. श्रीनगर शहरातल्या, पडद्यात राहणाऱ्या बायका त्यांच्याकडे येत. कटीची हाडं आत दबलेली, बाळाची वाट अरुंद झालेली, दिवसचे दिवस अडलेल्या. त्याच काश्मीरमध्ये होड्यांवर राहणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बायका मात्र सहज बाळंत होत. प्रदेश एक, थंडी एक. आणि त्या कष्टकरी बायका काही जास्त सुखात नव्हत्या. फरक होता उजेडाचा. वॉन यांनी १९२६ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात काश्मीरमधल्या अस्थिमृदुतेवर लिहिलं आणि १९२८मध्ये पडदा व मातृत्व यांवर एक छोटं पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: उजेडाचा अभाव हे या आजाराचं कारण आहे.

हे घडतं कसं, ते समजून घ्यायला हवं. कटी म्हणजे खोलगट वाडग्यासारखं हाडांचं कडं. वरून कण्याचं वजन त्यावर येतं, खालून दोन्ही मांड्यांचा रेटा येतो. हाड पक्कं असेल तर कडं गोल राहतं. मऊ असेल तर तिन्ही बाजूंनी दबतं आणि आतली जागा बेलाच्या पानासारखी तीन फाट्यांची होते. अशा वाटेतून बाळाचं डोकं उतरू शकत नाही. मुलगी वयात आली की तिला आत घ्यायची, म्हणजे नेमकी कटीची हाडं वाढायच्या वर्षांत तिचं ऊन बंद करायचं. आणि लगेच लग्न, लगेच पाळणा. सिझेरियनची सोय नसलेल्या काळात याचा शेवट काय होत असेल, ते निराळं सांगायला नको.

उत्तर चीनमध्येही तेच. पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजातले प्रेस्टन मॅक्सवेल यांनी १९२०-३०च्या दशकांत शान्शी भागातल्या अशा अनेक बायकांची नोंद केली. त्यांच्यातल्या काहींची बाळं पोटातूनच मुडदूस घेऊन आली होती.

आपल्याकडे पडद्याची चाल तितकी कडक नसली, तरी वरच्या जातींच्या वाड्यांत सुना माजघरातच असत. बाळंतिणीची खोली तर घरातली सगळ्यांत अंधारी. दारं-खिडक्या बंद, कान-डोकं बांधलेलं, खाली शेगडी. सव्वा महिना बाई आणि बाळ त्या अंधारात. वारा लागू नये, ही भावना मायेचीच होती. पण कणगी रिती झालेल्या बाईला तो अंधार महागात पडत असणार.

५. आता कुठे पडदा आहे?

लखनऊमध्ये २०७ गरोदर बायकांचं रक्त तपासलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सुमारे ८४ जणींमध्ये ड कमी होतं. हे प्रमाण शहरातल्या बायकांत आणि खेड्यातल्या बायकांत जवळजवळ सारखंच होतं. सूर्याचा तुटवडा नसलेल्या देशात हे घडतंय.

कारणं रोजच्या जगण्यात आहेत. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य अतिनील किरण अडवतं, त्यामुळे तेवढंच ड बनायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. अंगभर कपडे, ऊन लागू नये म्हणून तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, शहराच्या हवेतली धूळ आणि धूर. फ्लॅटच्या खिडकीतून आत आलेलं ऊन ऊबदार असतं, पण काच हे किरण आत येऊ देत नाही.

कोवळ्या उन्हाबद्दलही सांगायला हवं, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरत आलो आहोत. ते छान असतं, सुखद असतं. मात्र सूर्य कलता असताना ड बनवणारे किरण हवेतच गाळले जातात. ओळखायची सोपी खूण सावलीची: सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर ड जवळजवळ बनत नाही, आखूड असेल तर बनतं. म्हणजे साधारण अकरा ते दोनची वेळ. गरोदर बाईने वैशाखातल्या दुपारी उन्हात बसावं, असं मी मुळीच सांगणार नाही, भोवळ येईल. थंडीत हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीत बसावं, उन्हाळ्यात अगदी थोडकं. पण एकट्या उन्हावर विसंबून जुनी कमतरता भरून निघत नाही, हेही लक्षात ठेवावं.

६. बाळाचं काय होतं?

वार कॅल्शियम पंपासारखं ओढून बाळाकडे पाठवते, त्यामुळे आईकडे टंचाई असली तरी बाळाची हाडं बहुधा बऱ्यापैकी बनतात. खरी परीक्षा नाळ कापल्यावर सुरू होते. आता पंप नाही. बाळाच्या स्वतःच्या आतड्याला कॅल्शियम शोषायचंय आणि त्यासाठी लागणारं ड त्याने आईकडूनच आणलेलं असतं, तेही आईच्या पातळीपेक्षा कमी. आईकडेच नसेल तर बाळ रिकाम्या हाताने येतं. आईच्या दुधातही ड फारच थोडं असतं. अशा काही बाळांच्या रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि त्यांना झटके येतात.

लंडनमध्ये १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आशियाई वंशाच्या गरोदर बायकांपैकी काहींना शेवटच्या तीन महिन्यांत रोज १,००० एकक ड दिलं, काहींना दिलं नाही. न दिलेल्या गटातल्या पाच बाळांना कॅल्शियम घसरल्याचा त्रास झाला आणि त्या गटातल्या बाळांची टाळू जास्त मोठी राहिली होती. दिलेल्या गटात असा त्रास एकाही बाळाला झाला नाही.

आपल्या घराजवळचा पुरावाही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळं असं कॅल्शियम देणारं अन्न ज्या आया जास्त वेळा खात होत्या, त्यांच्या मुलांची हाडं सहाव्या वर्षी अधिक भरीव निघाली.

७. ताटात आणि गोळीत

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज १,००० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ६०० एकक ड लागतं. पाजणाऱ्या आईला कॅल्शियम १,२००. एक ग्लास दूध आणि एक मोठी वाटी दही मिळून साधारण ४८०, पन्नास ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी १७५, दहा ग्रॅम तीळ १२५, शेवग्याच्या पाल्याची भाजी १५०. बेरीज ९३०. चहापुरतं दूध, पोळी, भात, वरण एवढ्यावर चाललेलं ताट याच्या निम्म्यालाही पोचत नाही. किनाऱ्यावरच्यांना काट्यासकट खाता येणारे बारीक मासे आणि सुकट आहेतच. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं आम्ल ते बांधून ठेवतं. त्यावर भिस्त ठेवू नये. ड मात्र ताटात फारसं सापडत नाही: अंड्याचा बलक, बांगडा, तारली, आणि ड मिसळलेलं पिशवीतलं दूध किंवा तेल. माशाच्या यकृताचं तेल गरोदरपणात घेऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते गर्भाला अपायकारक ठरतं.

म्हणून सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या द्यायच्या असं २०१४पासून ठरलेलं आहे. एका गोळीत ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकक ड. एक सकाळच्या, एक रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाची गोळी मात्र जेवणानंतर दोन तासांनी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला आडवं येतं. आशाताई हे सांगतात, पण घाईच्या घरात सगळ्या गोळ्या एकदमच घशाखाली जातात.

सगळ्याच गरोदर बायकांना मोठ्या मात्रेत ड द्यावं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना सरसकट देण्याची शिफारस करत नाही. कमतरता सापडली, तर उपचार हवा, यावर मात्र दुमत नाही. ६०,००० एककांची पुडी हा त्याच उपचाराचा भाग. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते आणि डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. ती रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठ आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शेजारणीला लागू पडली म्हणून आपण घ्यायची, असं हे औषध नव्हे.

८. साधी कंबरदुखी की आणखी काही?

पोट पुढे आलं की कंबर दुखतेच, आणि बहुतेकींची कंबर त्यामुळेच दुखते. मऊ हाडांचं दुखणं खोल, सततचं, बोट ठेवून दाखवता न येणारं असतं; कटी, जांघा, मांड्या, बरगड्या. नडगीवर अंगठ्याने दाबलं तरी दुखतं. त्याच्या जोडीला मांड्यांची ताकद जाते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा ओढावा लागतो, चाल बदकासारखी डुलती होते. हे गरोदरपणाच्या आधीपासून थोडंथोडं असेल, तर शंका आणखी बळावते. हाडांसाठी नेहमी पाहतात त्या अल्कलाइन फॉस्फटेज या तपासणीवर इथे विसंबता येत नाही, कारण वारही तो पदार्थ तयार करते आणि आकडा एरवीही वाढतो. ड, कॅल्शियम आणि फॉस्फेट वेगळं तपासावं लागतं. निदान झालं, तर उपचार स्वस्त आहे आणि काही आठवड्यांत-महिन्यांत ताकद परत येते. वाकलेली कटी मात्र सरळ होत नाही.

तेव्हा पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा नुसतं "कंबर दुखते" म्हणून थांबू नका. खालून उठताना हात टेकावा लागतो का, जिना चढवतो का, आणि हे कधीपासून आहे, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. घरात वयात आलेली मुलगी असेल, तर तिच्या ताटातलं दूध, नाचणी, तीळ आणि दुपारच्या सुट्टीतला मैदानावरचा तिचा खेळ आजच बघा. तिची कणगी भरायची वर्षं हीच आहेत.